टिकल्यांचा खड्डा

शिदवाडी, ता. इगतपुरी
१५ जानेवारी १९९९

प्रिय तृप्ती,

तिळगूळ घे, गोड बोल. चारचौघांत मी तुला ताई म्हणते ते म्हणते, पण घोटीच्या शाळेत एका बाकावर बसून एकमेकींच्या डब्यातलं पळवलं, आता तुझ्या धनराजदादाशी लग्न करून वहिनी झाले म्हणून कागदावरही ताई-ताई करायचं तर ते माझ्यानं व्हायचं नाही.

तुला दिवस गेल्याची बातमी डेअरीतल्या फोनवर आली. म्हणजे घरात येण्याआधी सगळ्या गावात. धनराज दूध घालायला गेला होता, तो घरी पोचेपर्यंत शेजारच्या भागीबाई माझ्या तोंडात साखर घालून गेल्या होत्या. म्हणून सांगते, नाजूक काही असेल तर पत्रच टाक. आणि दुधाच्या टेम्पोवाल्या वाळूकडे चिठ्ठी देऊ नकोस. तो चांगला आहे, पण त्याला वाचता येतं.

आता आप्पांचं ऐक. आई गेल्यापासून तुझे वडील ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असायचे, हे तू बघितलंच आहेस. बातमी कळली आणि ते उठले. खरंच उठले. म्हणाले, ‘पयलं बाळंतपण माहेरी होतं. तिची आई नाय म्हणून काय झालं, मी हाय.’ मी म्हटलं, आप्पा, तुम्ही काय करणार, मी करीन की. तर म्हणाले, ‘तू शेक-शेगडीचं बघ. खाण्यापिण्याचं मी बघतो.’ दुसऱ्या दिवशी नाशिकच्या कृषी प्रदर्शनाला गेले आणि येताना पिशवीभर हिरवं शेवाळ घेऊन आले. धनराजला वाटलं, म्हाताऱ्याला कोणीतरी फसवलं. त्याचं नाव डकवीड. एकेक पान कपाळावरच्या बारीक टिकलीएवढं, पाण्यावर तरंगतं. आप्पा त्याला टिकल्याच म्हणतात. कोंबड्यांना घातल्या तर अंडी कसदार होतात म्हणे. वीटभट्टीसाठी माती काढलेला आपला खड्डा आहे ना, त्यात पाणी भरून, शेणकाला कालवून त्यांनी त्या सोडल्यात. दिवसातून दहादा जाऊन बघतात. एक नातवंड तुझ्या पोटात आणि दुसरं खड्ड्यात वाढतंय असं मी म्हटलं, तर आज कित्येक महिन्यांनी हसले.

तुझी
उज्वला

अंबड, नाशिक
२० फेब्रुवारी १९९९

प्रिय उज्वला,

टोपली मिळाली. भाताच्या तुसात अंडी इतकी निगुतीनं पुरली होती की एकाला तडा नाही. अंडं फोडलं आणि मी कढईकडे बघतच राहिले. बलक केवढा लाल! केशरीच म्हण. आमच्या घरांच्या ओळीतल्या बायका बघून गेल्या. तुमच्या जावयानं, अमितनं, कारखान्यात डब्यात नेली, त्याच्या शिफ्टवाल्यांनी डबा पुसून खाल्ली. आप्पांना सांग, त्यांचं नाव कारखान्याच्या प्रेस शॉपपर्यंत गेलं.

सासूबाईंना मात्र पटत नाही. त्या म्हणतात, इतका लाल बलक म्हणजे फार उष्ण, पोटुशीनं खाऊ नये. पपई नको, तीळ नको, त्यात आता हे. मी त्यांच्यासमोर हो म्हणते आणि त्या देवळात गेल्या की खाते. सकाळी काही पोटात राहत नाही, पण ही अंडी राहतात. आप्पांनी माझ्यासाठी पिकवलेलं आहे म्हणून असेल. आईच्या मागे ते असं काही करतील असं मला वाटलं नव्हतं. ओट्यावर बसलेले आप्पा बघून निघताना दर वेळी मला वाटायचं, पुढच्या खेपेला दिसतील ना? आता वाटत नाही.

आठव्या महिन्यात न्यायला येणार ना ते? सासूबाईंनी हो म्हटलंय.

तुझी
तृप्ती

शिदवाडी
१६ मार्च १९९९

प्रिय तृप्ती,

तुझ्या सासूबाईंचं म्हणणं मी आप्पांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण जीभ राहत नाही. ते म्हणाले, ‘पाण्यावर तरंगणारी वस्तू उष्ण कशी आसंल? इहीनबाईंना म्हनावं, या, पाय बुडवून बघा.’ वर हसले, पण संध्याकाळी भागीबाईंना हळूच विचारत होते, अंडं खरंच बाधतं का म्हणून. भागीबाईंनी ‘काय नाय’ म्हटलं तेव्हा जेवले.

टिकल्यांनी खड्डा भरला आहे. वरून बघितलं तर हिरवं जाजम अंथरलंय वाटतं, पाणी दिसतच नाही. आप्पा रोज सकाळी कडेला बसून चाळणीनं अर्ध्या काढतात आणि अर्ध्या ठेवतात. मी एकदा मदत म्हणून भराभर सगळ्या ओढायला लागले तर माझा हात धरला. ‘अर्धं ठेव, उज्वला. सगळं काढलं तर उद्या काय उगंल? आन् काढलंच नाय तर एकावर एक चढून कुजतंय. रोज अर्धं.’ मग त्यात कोंडा आणि तांदळाची कणी कालवतात आणि कोंबड्यांना हाका मारत फिरतात. आधी आपल्या कोंबड्या नाक मुरडत होत्या, आता आप्पांची चाहूल लागली की परसातून धावत येतात.

गावातले लोक बघायला येतात. धनराज म्हणतो, आप्पांना कधी नव्हे ते मान आलाय. तुझ्यासाठी कोंबड्याही वेगळ्या ठेवल्यात, बाळंतिणीच्या रश्श्याच्या. माळ्यावरचा पाळणा काढून त्याला तेल दिलं आहे.

उद्या-परवा पाडवा. साखरगाठी घे.

उज्वला

अंबड
९ एप्रिल १९९९

प्रिय उज्वला,

बाळ गेलं. सोमवारी पोटात दुखायला लागलं, रिक्षानं दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी बरी आहे. अमित तीन दिवस घरी होता, आता कामावर गेला.

डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, मूल नीट धरलंच नव्हतं, अशी काही राहत नाहीत, तुम्ही काय खाल्लं-प्यायलं त्याचा संबंध नाही. अंड्यांचं नाव घेऊन विचारलं. त्या हसल्या नाहीत, नीट म्हणाल्या, नाही.

पण सासूबाई दवाखान्याच्या दारातच बोलल्या. ‘तरी मी सांगत होते, ती लाल अंडी.’ ओळीतल्या सगळ्या बायकांना आता तेच माहीत आहे. मी कोणाकोणाचं तोंड धरू?

उज्वला, एवढं एक कर. आप्पांना सांगू नकोस. बाळ गेल्याचं कळलं की ते भेटायला येतील, आणि आले की सासूबाई त्यांच्या तोंडावर बोलतील. आप्पा डॉक्टरांचं ऐकणार नाहीत, त्यांचंच ऐकतील. आपल्या हातानं नातवंड मारलं असं त्यांना वाटलं तर ते पुन्हा ओट्यावर बसतील, आणि मग उठणार नाहीत. मला माझ्या दुःखाचं बघायचं आहे, त्यात हे नको. थोडी सावरले की मीच येऊन सांगीन.

तृप्ती

शिदवाडी
१७ एप्रिल १९९९

प्रिय तृप्ती,

पत्र चुलीपुढे वाचलं आणि तिथंच बसून राहिले. आप्पांनी विचारलं, काय म्हणते लेक? मी म्हटलं, धुरानं डोळे चुरचुरताहेत. हे माझं पहिलं खोटं.

धनराजला सांगितलं. तो परसात जाऊन उभा राहिला, बराच वेळ आला नाही. मग म्हणाला, ती म्हणते तसंच करू. भागीबाईंनाही सांगावं लागलं, कारण त्या आल्या की तुझ्या बाळंतपणाचंच बोलतात आणि मला ते ऐकवत नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि शपथ घेतली.

मी तुझं ऐकते आहे. पण खरं सांगू? मला हे बरं वाटत नाही. आप्पांनी दुसरा खड्डा खणायला घेतलाय. बाळंतपणाला आलीस की रोजची अंडी कमी पडतील म्हणून. भर उन्हात, माथ्यावर ओलं फडकं टाकून. टिकल्यांना ऊन लागू नये म्हणून खड्ड्यावर पेंढ्याचा मांडव घातलाय, स्वतःला मात्र काही नाही. मी पाण्याचा तांब्या नेऊन देते तेव्हा मला त्यांच्याकडे बघता येत नाही.

येणार तर लवकर ये.

उज्वला

अंबड
१४ जून १९९९

प्रिय उज्वला,

उत्तराला उशीर झाला. येते येते म्हणत मी आलेच नाही. दर शुक्रवारी वाळूचा टेम्पो येतो आणि मी नाक्यावर जाऊन टोपली घेते. घरी नेता येत नाही, सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही म्हटलंय. नाक्यावर भाजी विकणारी नवसाबाई आहे, तिला सगळी देते. तिच्या पोरी खातात. रिकामी टोपली वाळूकडे परत देते, आणि तो आप्पांचा निरोप सांगतो, दोन अंडी जास्त टाकलीत, दोन्ही जिवांना. मी मान हलवते. पोटावरून पदर घेऊन उभी राहते, वाळूला कळू नये म्हणून. मला माझीच किळस येते.

आता न्यायला यायची वेळ आली. मला अजून धीर होत नाही. तू आप्पांना असं सांग की सासूबाईंनी मत बदललं, बाळंतपण इथंच करणार म्हणतात. ते रागावतील, पण राग निवेल. पुढे दवाखान्यातच काही झालं असं सांगू, तेव्हा अंड्यांचं नाव कोणी घेणार नाही.

तृप्ती

शिदवाडी
७ जुलै १९९९

तृप्ती,

घाईत लिहिते. तू म्हणालीस तसं मी आप्पांना सांगितलं. ते रागावले नाहीत. काल म्हणाले, ‘माझ्या हातनं काय चुकलं आसंल. तिची आई आसती तर इहीनबाईंनी आसं केलं नसतं. मी जातो, हात जोडतो, पाया पडतो. लेकीला घिऊनच येतो.’ मी म्हटलं, आप्पा, पाऊस बघा. धनराज म्हणाला, मी जातो. ते म्हणाले, ‘बाप जिता हाय आजून.’

शुक्रवारी वाळूच्या टेम्पोतून निघणार आहेत. अंड्यांची टोपली भरली आहे, तुझ्या सासूबाईंसाठी लुगडं घेतलं आहे. पावसानं डेअरीचा फोन बंद पडलाय. हे पत्र आधी पोचतं की आप्पा, मला माहीत नाही. आज अगदी जिभेवर आलं होतं गं. पण ते खड्ड्यातल्या टिकल्या पुरात वाहून जाऊ नयेत म्हणून कडेनं बांबू बांधत होते, आणि मला म्हणाले, ‘मी नसताना रोज अर्ध्या काढ बरं का, इसरू नको.’ मी हो म्हटलं.

आप्पा दिसले की तूच सांग. दुसऱ्या कोणाला बोलू देऊ नकोस.

उज्वला

अंबड
१२ जुलै १९९९

प्रिय उज्वला,

तुझं पत्र शनिवारी आलं. आप्पा शुक्रवारी येऊन गेले होते.

मी नळावर होते. हंडा भरून कमरेवर घेतला आणि वळले तर समोर आप्पा. डोक्यावर गोणपाटाची खोळ, एका हातात टोपली, ती पावसात भिजू नये म्हणून पोटाशी धरलेली. हसत होते. मग त्यांचं हसू थांबलं. हंडा एका कमरेवर असला की बाईचं पोट झाकलं जात नाही. मी म्हटलं, आप्पा, आत चला, सांगते. पण आत सासूबाई होत्या.

त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हणाल्या, ‘तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? चैत्रातच झालं. तुमच्या त्या अंड्यांपायी. आणि आता आणखी घेऊन आलात?’

आप्पांनी टोपली खाली ठेवली. मला विचारलं, ‘घरी कोनाला ठावं हाय?’ मी सांगितलं. दादाला, तुला, भागीबाईंना. ते म्हणाले, ‘म्हंजी मलाच नव्हतं.’

मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, आप्पा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंड्यांचा काही संबंध नाही, आईशपथ खरं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘संबंध नसता तर लपवलं कशापायी, बाई? तू पयल्याच दिशी सांगितलं आसतंस.’

मी त्यांना वाचवायला लपवलं, आणि लपवलं म्हणूनच त्यांनी मान्य केलं. सासूबाईंच्या शब्दावर कदाचित विश्वास बसला नसता. माझ्या गप्प बसण्यावर बसला.

लुगडं त्यांनी सासूबाईंपुढे ठेवलं, नमस्कार केला आणि टोपली उचलून पावसात परत गेले. अमित त्यांच्या मागे नाक्यापर्यंत पळाला, पण ते थांबले नाहीत.

तृप्ती

शिदवाडी
३० ऑगस्ट १९९९

प्रिय तृप्ती,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आप्पा परत आले ते थेट खड्ड्यावर गेले. टोपलीतलं एकेक अंडं उकिरड्यावर फोडलं. बांबू सोडवले. पाणी चढलं आणि टिकल्या ओहोळाबरोबर वाहून गेल्या, ते उभे राहून बघत होते. कडेला राहिल्या त्या कुजल्या, वास सुटला, मग दोन्ही खड्ड्यांच्या बांधाला कुदळीनं फट पाडून पाणी काढून दिलं. तुझ्यासाठी ठेवलेल्या कोंबड्या भागीबाईंना दिल्या. गावातला कोणी विचारायला आला तर म्हणतात, ‘लय वंगाळ वस्तू हाय ती, नादी लागू नका.’

मी त्यांना डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. धनराज तर म्हणाला, चला, तुमची त्यांच्याशी गाठ घालून देतो. आप्पा ऐकून घेतात. माझ्याशी वाईट बोलत नाहीत, हेच वाईट आहे. पूर्वी ताटावर बसले की मीठ कमी, तिखट जास्त असं काहीतरी म्हणायचे. आता वाढीन ते खातात आणि मी काही सांगितलं की म्हणतात, ‘आसंल.’ मी ‘पाऊस आला’ म्हटलं तरी बाहेर येऊन बघतात, खरंच आला का.

दिवसभर ओट्यावर असतात.

उज्वला

अंबड
४ डिसेंबर २०००

प्रिय उज्वला,

मला पुन्हा दिवस गेलेत. चौथा लागला आहे. तिसरा संपेपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, पण आता तुला लिहिते आणि हे पत्र तू आप्पांना त्याच दिवशी वाचून दाखव. काही झाकू नकोस.

त्यांना म्हणावं, तृप्तीला तुमची अंडी हवी आहेत. तीच, लाल बलकाची. मी अमितशी बोलले आहे. तो आईला म्हणाला, या वेळी टोपली घरात येईल आणि तृप्ती सगळ्यांसमोर अंडी खाईल. सासूबाई देवळात निघून गेल्या. मला अंड्यांची एवढी गरज आहे असं नाही. पण मी खाल्ली आणि बाळ सुखरूप आलं, तरच आप्पा माझं खरं मानतील. दुसरा उपाय मला दिसत नाही.

तृप्ती

शिदवाडी
१३ डिसेंबर २०००

प्रिय तृप्ती,

वाचून दाखवलं. आप्पांनी सगळं ऐकलं. ‘बरं हाय का ती?’ एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी मला न सांगता घोटीला जाऊन आले. आज मी मळ्यातून आले तर टोपली भरून तयार, तोंड फडक्यानं शिवलेलं, आणि ते वाळूच्या टेम्पोची वाट बघत रस्त्यावर उभे. प्रदर्शनवाल्यांकडून टिकल्या कधी आणल्या, कोंबड्यांना कधी घातल्या, मला काही कळलं नाही. खड्ड्यात तर मी पाणी बघितलं नाही. पण त्यांनी स्वतःच्या हातानं टोपली भरली, मला तेवढंच पुरे झालं. वाळूला बजावत होते, हळू चालव, खड्डे चुकव.

उज्वला

अंबड
१८ डिसेंबर २०००

प्रिय उज्वला,

टोपली मिळाली. तीच टोपली, तसंच तूस, एकालाही तडा नाही. सासूबाईंसमोर मी पहिलं अंडं कढईत फोडलं.

बलक फिकट निघाला. दुसरं फोडलं, तेही तसंच. पांढरी, सारख्या आकाराची, दुकानातली अंडी. घोटीहून विकत आणून आप्पांनी ती आपल्या तुसात पुरली. मी मागितली म्हणून नाही म्हणवलं नाही, आणि आपल्या कोंबडीचं एकही अंडं माझ्या पोटात जाऊ द्यायची त्यांची छाती झाली नाही. सासूबाई कढईत वाकून बघत होत्या. त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्या आत निघून गेल्या.

मी ती अंडी खाल्ली. रडत खाल्ली.

नंतर तुला लिहायला बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं ते असं, की आप्पांना सांगू नकोस मला कळलं ते. मग हात थांबला. तो कागद फाडून हा घेतला आहे. उज्वला, त्यांना सांग. म्हणावं, तृप्तीनं ओळखलं. तिनं ती खाल्ली, पण तिला तुमची हवी होती. हे पत्र त्यांच्यापुढे धर, सगळं वाच.

तृप्ती

शिदवाडी
२५ डिसेंबर २०००

प्रिय तृप्ती,

सगळं वाचलं. आप्पा ओट्यावर बसले होते, मी खाली पायरीवर. तू फाडलेल्या कागदाचं आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, आता ‘आसंल’ म्हणतील आणि उठतील.

ते म्हणाले, ‘तिला म्हनावं, तुझं खरं आसंल. पन माझा हात उचलत नाय. आधी तुला सुखरूप मोकळी होऊ दे. मंग मी खड्ड्यात पाणी सोडीन.’

मी विचारलं, आप्पा, तिला आणायला जाणार ना? ते रस्त्याकडे बघत राहिले. धनराज येईल बहुतेक.

खड्डे कोरडे आहेत. आत गाजरगवत माजलंय. चाळणी अडगळीत पडली होती, ती मी धुऊन ओट्याच्या खुंटीला अडकवली, त्यांना दिसेल अशी. त्यांनी ती काढून टाकलेली नाही.

काळजी घे.

उज्वला